घास छातीत अडतो तेव्हा

अन्ननलिका आणि जठर यांच्या सीमेवरील स्नायूंचा पट्टा गिळताना सैल न पडल्यास भाकरीचा घासच काय, पाणीही छातीत अडते. ॲकॅलेशिया नावाच्या या विकारात तो पट्टा छेदण्याची शस्त्रक्रिया जर्मन शल्यविशारद अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये प्रथम केली. बीड जिल्ह्यातील रुग्णाने अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आधी दाखवावे, दुर्बिणीच्या तपासणीने कर्करोगाची शंका दूर करून घ्यावी आणि मग, नलिकेतील दाब मोजणारी मॅनोमेट्री जिथे होते तेथील शल्यविशारदाला, अशा किती शस्त्रक्रिया केल्या, हे (भीड न बाळगता) विचारावे. तोवर ज्वारीची आंबील किंवा वरणात कुस्करलेली भाकरी ताठ बसून सावकाश खावी आणि रात्री उशाकडची बाजू उंच ठेवावी, कारण साचलेले अन्न झोपेत श्वासनलिकेत उतरू शकते. पाणीही उतरेनासे झाले, तर मात्र तारखेची वाट पाहू नये.