पायांतला ढोल

भाद्रपद सरत आला, हळव्या भाताचे लोंबे पिवळे पडू लागले, म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात रात्री तारप्याचा घुमार ऐकू येऊ लागतो. अशाच एका रात्री एका पाड्यावर, मांडवाच्या मेढीला पाठ टेकून उभा असताना, तारप्याच्या सुरापाठोपाठ येणारा दुसरा एक नाद मला प्रथम पाठीला जाणवला आणि मग कानाला. सारवलेल्या अंगणावर पंचवीस-तीस अनवाणी पावले एकाच क्षणी पडत होती, आणि तो आघात जमिनीतून मेढीत व मेढीतून अंगात चढत होता. त्या रिंगणात ढोल नव्हता.

तारपा हे सुषिर वाद्य. वाळलेल्या दुधी भोपळ्याचा हवाकोश, त्यात मेणाने बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आत थरथरणाऱ्या जिभल्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, एवढाच त्याचा सरंजाम. नाकाने श्वास घेत असतानाच गालांत साठवलेली हवा भोपळ्यात लोटीत राहावयाची, म्हणजे सूर तुटत नाही; ही विद्या किती वर्षांच्या तपश्चर्येची आहे हे जव्हार तालुक्यातील वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांच्याकडे पाहून कळते. नव्वदी ओलांडलेल्या या वादकाला 2026 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या भोपळ्याला दिल्लीदरबारी प्रथमच इतका मान मिळाला असे मला वाटले. परंतु तारपकरी केवळ सूर धरीत नाही. तो चाल बदलतो, त्यासरशी पावले बदलतात. कमरेभोवती हात गुंफलेली मंडळी त्याच्याकडे पाठ न करता त्याच्याभोवती सर्पाकार फिरत राहतात. म्होरक्या घुंगुरकाठी जमिनीवर आपटून वळण दाखवितो. सूर एका माणसाच्या छातीत आणि ताल सगळ्यांच्या पायांत, अशी ही वाटणी आहे.

याच वाटणीचा विचार करताना मला सातासमुद्रापलीकडील फंक संगीत आठवते, आणि ते ओढूनताणून नव्हे. 1739 साली साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी आफ्रिकी गुलामांनी ढोल वाजवीत बंड केले. दुसऱ्याच वर्षी तेथील मळेवाल्यांच्या सरकारने कायदा करून गुलामांना ढोल व शिंगे बाळगण्याची मनाई केली. हुकूम ढोलापुरता चालला. ताल मात्र टाळ्यांत, मांड्यांवरील थापांत आणि लाकडी फळ्यांवर पडणाऱ्या पायांत जाऊन राहिला. त्याच प्रांतातील बार्नवेल येथे 1933 साली जन्मलेल्या फंक गायक जेम्स ब्राउनने पुढे गिटार, पितळी वाद्ये, किंबहुना स्वतःचा कंठसुद्धा, ढोलासारखाच वापरला. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर जोर देण्याचा प्रघात मोडून त्याने सगळा भार पहिल्या मात्रेवर टाकला. आपण तिला सम म्हणू. फरक एवढाच की, आपल्या बैठकीत समेची वाट पाहावी लागते आणि फंकमध्ये ती पावलागणिक भेटते.

त्या समेभोवतीची नक्षी क्लाइड स्टबलफील्ड या ढोलियाची. 20 नोव्हेंबर 1969 रोजी सिनसिनाटी येथे ध्वनिमुद्रित झालेल्या ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यात इतर वाद्ये थांबतात आणि तो एकटा आठ आवर्तने वाजवितो. ठळक आघातांच्या मधल्या फटींत तो काठी इतकी हलकी टेकवितो की तो ठोका ऐकू येण्यापेक्षा भासतोच अधिक, आणि पाय उचलला जातो तो या पुसट ठोक्यांमुळे. हा तुकडा पुढे हजाराहून अधिक ध्वनिमुद्रणांत उचलला गेला. परंतु रचनेची दफ्तरी नोंद ब्राउनच्या नावे असल्याने त्यापोटी स्टबलफील्डला स्वामित्वशुल्काचा हक्क पोहोचला नाही. 2017 साली तो वारला. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

पुसट ठोक्यांचे हे मर्म मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे सोंगांच्या उत्सवात, मी समोरून पाहिले आहे. चैत्र-वैशाखातील त्या रात्री टेंभ्यांच्या उजेडात गणपती, त्राटिका, नरसिंह, रावण अशी सोंगे एकामागून एक निघतात. मुखवटा जड, डोळ्यांच्या जागी बारीक भोके, त्यांत टेंभ्याचा धूर. सोंग घेतलेल्या माणसाला वाट जवळजवळ दिसतच नाही. चार पावले पुढे, दोन मागे, गिरकी, हे सारे तो संबळाच्या भरवशावर करतो. संबळवादक कमरेला बांधलेल्या जोडीपैकी एका अंगावर बारीक आवाजाचे दाट बोल पेरीत राहतो आणि दुसऱ्या अंगावर खर्जाचा आघात देतो, त्या आघातावर सोंगाचे पाऊल पडते. सोंग बदलले की चाल बदलते. रावणाच्या खेपेला खर्जाचा घाव किंचित उशिरा पडला, तेव्हा तो दहा तोंडांचा भार अंगावर घेऊन एक पाय उचललेल्या स्थितीत क्षणभर थांबला होता. घाव पडला आणि मग पाय खाली आला.

जव्हारचे मुकणे संस्थान 1948 साली विलीन झाले, 2014 साली हा मुलूख नव्या पालघर जिल्ह्यात आला. राजवटी अशा बदलत गेल्या, आणि तारप्याला आता शासकीय समारंभांची आमंत्रणे येतात. तेथे दहा मिनिटांत नाच उरकावा लागतो, प्रेक्षकांकडे तोंड करावयाचे म्हणून रिंगणाची ओळ होते, आणि मंचावरील जाजमात पावलांचा आवाज विरून जातो. ध्वनिक्षेपक तारप्यासमोर धरलेला असतो. पायांपाशी कोणी धरीत नाही.

पाड्यावरच्या त्या रात्री मध्यरात्रीनंतर तारपकऱ्याने वाद्य खाली ठेवले व तोंडावरून हात फिरविला. सूर थांबला होता. रिंगणाला ते कळावयाच्या आत पावले आणखी दोनदा पडली.