बियाण्याचा टॅग आणि संगणकाची कृती

मृगाचा पाऊस झाला की अकोल्याच्या आणि अमरावतीच्या कृषी सेवा केंद्रांपुढे बियाण्यासाठी गर्दी होते. अनुभवी शेतकरी सोयाबीनची पिशवी हाती घेतो, तेव्हा तिच्यावरील रंगीत चित्राकडे तो फारसे पाहत नाही. शिवणीत अडकविलेला टॅग तो उलटून पाहतो. टॅग निळा असेल तर बियाणे प्रमाणित, पांढरा असेल तर पायाभूत, सोनेरी पिवळा असेल तर पैदासकाराचे. दाण्याच्या आत काय दडले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ज्याने ते तपासले त्याची साक्ष पिशवीला बांधलेली असते. १९६६ च्या बियाणे कायद्याने या साक्षीला अधिष्ठान दिले. राज्य बियाणे महामंडळ १९७६ मध्ये स्थापन झाले ते अकोल्यात, आणि राज्याच्या बीज प्रमाणीकरण यंत्रणेचे मुख्यालयही अकोल्यातच आहे. साक्षीचे मोल काय असते, हे वऱ्हाडाला निराळे सांगावयास नको.

परंतु आज आणखी एका प्रकारचे 'बियाणे' महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या संगणकांवर उतरवून घेतले जाते, आणि त्याच्या टॅगची चौकशी मात्र क्वचितच होते. हे बियाणे म्हणजे जैवमाहितीशास्त्राच्या आज्ञावली, अर्थात सॉफ्टवेअर. तुरीचा जनुकसंच २०११ मध्ये आणि हरभऱ्याचा २०१३ मध्ये जगापुढे मांडला गेला. दोन्ही कामांत हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेचा मोठा वाटा होता. ही दोन्ही वऱ्हाडातली पिके. त्यांच्या जनुकक्रमातील कोट्यवधी अक्षरे कोणी माणूस वाचू शकत नाही. ती आज्ञावली वाचतात. रोगप्रतिकारक जनुक कोणते, हे ठरविताना संशोधक ज्या उत्तरावर विसंबतो, ते उत्तर यंत्राने दिलेले असते. उत्तर चुकीचे निघाले तर वाण तयार करण्याची अनेक वर्षांची मेहनत वाया जाते, आणि ती चूक अखेर शेतात उगवते.

या आज्ञावली बहुधा मुक्तस्रोत असतात. त्यांचा मूळ मजकूर कोणासही वाचता येतो, बदलता येतो आणि विनामूल्य वापरता येतो. तथापि मूळ मजकूर म्हणजे चालती आज्ञावली नव्हे. कापूस म्हणजे कापड नव्हे, तसेच ते. तो मजकूर कोठून आणायचा, कोणत्या पूरक आज्ञावली जोडायच्या, कोणत्या क्रमाने त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करायचे, याची एक लहानशी कृती लिहावी लागते. तिलाच बिल्ड स्क्रिप्ट म्हणतात. या कृतीनुसार तयार झालेले पॅकेज मग जगभर वाटले जाते. डेबियन मेड हा प्रकल्प २००२ पासून हे काम करीत आहे. बायोकोंडा हा दुसरा मोठा प्रकल्प. २०१८ मध्ये त्याची माहिती देणारा निबंध 'नेचर मेथड्स' या नियतकालिकात आला, तेव्हाच त्यात तीन हजारांहून अधिक पॅकेजे होती. अमरावतीचा एखादा विद्यार्थी एक ओळ टंकलिखित करतो आणि चार मिनिटांत साधन त्याच्यापुढे हजर होते. त्या एका ओळीमागे कोणाची तरी तपासणी असते, याची त्याला सहसा कल्पनाही नसते.

ही तपासणी होते कशी? कृतीत कोणी बदल सुचविला की तो ओळीओळीने मांडला जातो. वगळलेली ओळ उणे चिन्हाने, नवी ओळ अधिक चिन्हाने. प्रथम यंत्रेच कृतीची छाननी करतात आणि कोऱ्या संगणकावर ती राबवून पाहतात. त्यानंतर एक माणूस ती वाचतो. मूळ मजकुराच्या फाईलचा चौसष्ट अक्षरांचा एक ठसा कृतीत नोंदविलेला असतो. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. आवृत्तीचा क्रमांक तोच, आणि ठसा मात्र वेगळा, असे दिसले की परीक्षकाने थांबलेच पाहिजे. लॉट क्रमांक न बदलता पिशवीतला माल बदलल्याचाच हा प्रकार असतो. फाईल उतरविण्याचा पत्ता बदलला असेल तर का बदलला, हे विचारावे लागते. बांधणी चालू असताना कृती परस्पर जालावरून आणखी काही ओढून घेत असेल, तर ते न तपासलेले दाणे पोत्यात मिसळण्यासारखेच होय. कधी एखादा उत्साही कार्यकर्ता आपल्या नव्या कोऱ्या यंत्राला साजेल अशी वेगवर्धक सूचना कृतीत घालतो. त्याच्याकडे आज्ञावली धावते. दहा वर्षांच्या जुन्या संगणकावर ती सुरू होताच कोसळते. असे जुने संगणक आपल्याकडील महाविद्यालयांत किती आहेत, हे प्राध्यापकांना ठाऊकच आहे.

सर्वांत अवघड प्रश्न चाचणीचा. पुष्कळ कृतींत चाचणी म्हणून आज्ञावलीला केवळ तिचा आवृत्ती क्रमांक विचारला जातो. ती उत्तर देते, म्हणजे ती जिवंत आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. बियाण्याच्या भाषेत ही उगवणशक्तीची चाचणी झाली. सोयाबीनच्या शंभर दाण्यांपैकी किमान सत्तर उगवले पाहिजेत, असा दंडक आहे. पण उगवलेले रोप त्याच वाणाचे आहे काय, हे पाहण्यासाठी आनुवंशिक शुद्धतेची निराळी परीक्षा लागते. आज्ञावलीचीही तीच गोष्ट. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा एक छोटा नमुना तिला देऊन तेच उत्तर येते काय, हे पडताळणे ही खरी शुद्धतेची परीक्षा. ती लिहावयास वेळ लागतो, म्हणून ती बहुधा राहून जाते.

न तपासलेल्या साधनाची किंमत किती मोजावी लागते, याचे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात नोंदलेले आहे. अमेरिकेतील जेफ्री चँग या नामवंत शास्त्रज्ञाला २००६ च्या अखेरीस प्रथिनांच्या रचनेवरील आपले पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागत असल्याचे जाहीर करावे लागले. कारण एवढेच, की प्रचलित संचाबाहेरच्या, प्रयोगशाळेतच वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या आज्ञावलीने आकड्यांच्या दोन रकान्यांची अदलाबदल केली होती. हेतू वाईट नव्हता, परिश्रमही कमी नव्हते. साधनाची तपासणी मात्र झाली नव्हती.

हेतूच वाईट असेल तर काय होते, हे २०२४ मध्ये दिसले. 'एक्सझेड' ही फायली दाबून लहान करणारी प्रणाली; जनुकक्रमाच्या फायली हाताळणारे सॅमटूल्ससारखे साधनही तिचा आधार घेते. एक स्वयंसेवक वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने तिची देखभाल करीत होता. तो थकला असता एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षे सौजन्याने काम करून त्याचा विश्वास संपादन केला, आणि अखेर आवृत्ती ५.६.० व ५.६.१ मध्ये एक चोरदरवाजा घातला. तो दडविला होता चाचणीच्या फायलींत, आणि त्याला जागे करणारी ओळ होती बांधणीच्या कृतीत. तीही सार्वजनिक भांडारातील मजकुरात नव्हती. वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातच तेवढी होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, त्याने पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा प्रकार उघडकीस आणला. जैवमाहितीशास्त्र हे या कारस्थानाचे लक्ष्य नव्हते, हे खरे. पण बोध सर्वांसाठीच आहे. नमुन्याचे शेत पाहून भागत नाही. पिशवी उघडून पाहावी लागते.

येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. २००१ च्या नोबेल पारितोषिकात या विचाराचा गौरव झाला. यावर उपाय म्हणजे त्रयस्थाची साक्ष. बियाण्याच्या बाबतीत या साक्षीसाठी कायदा आहे, शुल्क आहे, पगारी निरीक्षक आहेत. तरीही २०२० च्या खरिपात न उगवलेल्या सोयाबीनच्या तक्रारींनी महाराष्ट्र गाजला. मुक्तस्रोत पॅकेजांच्या बाबतीत साक्ष आहे, परंतु साक्षीदार बहुधा बिनपगारी आहे. लाभ सर्वांचा आणि श्रम मोजक्यांचे, अशी ही विहीर आहे; पाणी सारे गाव भरते, गाळ मात्र दोघेच उपसतात. साक्षीदार थकला की साक्ष औपचारिक होते, आणि औपचारिक साक्ष ही साक्ष नसण्यापेक्षा घातक, कारण ती सावधपणाही काढून घेते.

या कामात वऱ्हाडाने केवळ ग्राहक राहावे काय? कृतीतील बदल वाचावयास कोट्यवधींची प्रयोगशाळा लागत नाही; एक साधा संगणक, जालाची जोडणी आणि 'हे का बदलले?' असे विचारण्याची चिकाटी लागते. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत १९८३ पासून विद्यापीठ आहे. जैवतंत्रज्ञान आणि संगणकशास्त्र शिकणारे विद्यार्थी दोन्हीकडे आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांना श्रेयांक आहेत. जुन्या प्रकल्पांच्या वह्या नव्याने उतरवून काढण्याऐवजी एखाद्या पॅकेजासाठी खरी चाचणी लिहिणे, एखाद्या बदलाचे परीक्षण करणे, हे काम श्रेयांकास पात्र मानले तर विद्यार्थी शिकेल आणि गाळ उपसणारे हात वाढतील. प्राध्यापकांच्या बढतीच्या हिशेबात शोधनिबंधाला गुण मिळतात. तो निबंध ज्या साधनावर उभा आहे, ते तपासणाऱ्यालाही काही गुण मिळाले पाहिजेत.

विनामूल्य मिळते ते विनाश्रम तयार झालेले नसते. शेतकरी पिशवी घेण्यापूर्वी टॅग उलटून पाहतो. तेवढा विवेक सुशिक्षितांनी आपल्या संगणकाबाबत दाखवावा, आणि त्या टॅगवर सही करणाऱ्यांत काही नावे वऱ्हाडातलीही असावीत, ही अपेक्षा फार मोठी नाही.