रिंगणांतील दिवे आणि घोड्याची सांवली

मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्यापुढें ब्यूसेफॅलस नांवाचा घोडा विक्रीस आणिला, तेव्हां तो कोणासही पाठीवर बसूं देईना. राजपुत्र अलेक्झांडर यानें त्याचें तोंड सूर्याकडे फिरविलें आणि घोडा शांत झाला. कारण तो स्वतःच्याच हालणाऱ्या सांवलीस बुजत होता. प्लुटार्कनें लिहून ठेविलेली ही कथा खरी असो वा नसो, घोड्याचा हा स्वभाव मात्र खरा आहे. रात्रीं स्वारी करणाऱ्यास सूर्याकडे तोंड फिरविण्याची सोय नसते. त्याला दिवे लावावे लागतात. आणि ते कोठें व किती उंचीवर लाविले, यावर पुष्कळदां स्वाराची मांड टिकते कीं तो वाळूंत पडतो, हें ठरतें.

आपण येथें ड्रेसाजच्या रिंगणाचा विचार करूं. ड्रेसाज हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ शिकवून वळण लावणें असा आहे. पायाच्या किंचित् दाबानें आणि लगामाच्या हलक्या स्पर्शानें घोड्यानें चाल बदलावी, जागच्या जागीं तालांत पाय उचलावे, वर्तुळ काढावें, अशी ही कला आहे. स्पर्धेचें रिंगण ६० मीटर लांब व २० मीटर रुंद असतें. त्याच्या कडेनें अक्षरें मांडलेलीं असतात, आणि कोणत्या अक्षरापाशीं काय करावयाचें तें ठरलेलें असतें. परीक्षक प्रत्येक हालचालीस शून्य ते दहा गुण देतात. ता. २६ सप्टेंबर २०२३ रोजीं हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत भारतीय संघानें या प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें; त्या चौघांत मुंबईचा हृदय विपुल छेडा हा एक होता.

अशा नाजूक कामास दिवस सोडून रात्र कां निवडावी? इंग्लंड-जर्मनीकडे डिसेंबरांत चार-साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा-कचेरी आटोपून येणाऱ्यास दिव्यांवांचून गति नाहीं. उलट उष्ण हवेंत घोड्याचा जीव सांभाळण्यासाठीं रात्र बरी. २००८ सालच्या ऑलिंपिकांतील अश्वस्पर्धा हाँगकाँग येथें झाल्या, तेव्हां ड्रेसाजचे सामने सायंकाळनंतर दिव्यांच्या उजेडांत घेतले. २०२१ सालीं टोकियोंतही उन्हाळ्यामुळें तसेंच करावें लागलें.

आतां घोड्याच्या डोळ्याकडे पाहूं. जमिनीवरील प्राण्यांत इतका मोठा डोळा क्वचितच आढळतो. मान न वळवितां घोड्यास सभोंवारचें सुमारें ३५० अंशांचें दृश्य दिसतें. दृष्टिपटलामागें प्रकाश परत फेंकणारा एक चकाकता थर असतो. रात्रीं कंदिलाच्या उजेडांत गुरांचे डोळे चमकतात, ते अशाच थरामुळें. म्हणून मंद उजेडांत घोडा आपल्यापेक्षां चांगलें पाहतो. परंतु लख्ख उजेडांतून अंधारांत जातांना त्याच्या डोळ्यास सरावण्यास आपल्याहून अधिक वेळ लागतो. एवढें कळलें म्हणजे ध्यानांत येईल कीं, त्याला फार प्रकाश नको आहे. सारखा प्रकाश हवा आहे. वाळूवर एकीकडे झळझळीत डाग व शेजारीं काळा पट्टा असला, तर तो पट्टा कीं खड्डा हें घोड्यास उमगत नाहीं. तो कान टवकारतो, पाऊल आंखडतो, आणि ताल गेला.

समरूप त्रिकोणांचा संसारांत उपयोग काय, असें भूमितीच्या तासास विचारणाऱ्यांनीं येथें क्षणभर थांबावें. घोड्यावर बसलेल्या स्वाराचें डोकें जमिनीपासून अडीच मीटरवर आहे असें धरा. रिंगणाच्या कडेस पांच मीटर उंचीचा दिवा असून स्वार मधल्या रेषेवर, म्हणजे दहा मीटर दूर आहे. त्याची सांवली किती पडेल? दहा मीटर! ती थेट पलीकडच्या कुंपणापर्यंत पोहोंचेल. तोच दिवा दहा मीटर उंच चढवा. सांवली सव्वातीन मीटरांहून थोडीच अधिक उरेल. मग समोरच्या बाजूसही तितकेच उंच दिवे लावा, म्हणजे एकाची सांवली दुसरा पुसून काढील. अंधाऱ्या खोलींत एक पेला व दोन मेणबत्त्या घेऊन हें घरीं करून पाहतां येईल. खर्च वांचविण्यासाठीं खांब आंखूड घेणें ही सर्वांत महाग काटकसर होय, असें माझें मत आहे.

प्रकाश किती, याचा हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन प्रकाश पडला म्हणजे एक लक्स. पौर्णिमेच्या चांदण्यांत अर्धा लक्सही नसतो. भर दुपारच्या उन्हांत सुमारें एक लाख असतात. सरावास सामान्यतः शंभर-दोनशे लक्स पुरतात, मोठ्या स्पर्धेस पांचशेच्या आसपास लागतात. रिंगण १,२०० चौरस मीटरांचें. तेव्हां २०० लक्ससाठीं २,४०,००० ल्यूमेन प्रत्यक्ष वाळूवर पोहोंचले पाहिजेत. कांहीं प्रकाश बाहेर सांडतोच, म्हणून दिवे याहून अधिक शक्तीचे घ्यावे लागतात.

खांब लांब बाजूंस, कुंपणाबाहेर उभारावे. आंखूड बाजूस, ‘सी’ अक्षरापाशीं, मुख्य परीक्षक बसतो, आणि घोडा मधल्या रेषेनें थेट त्याच्याकडे येतो. तेथें मागें सखल दिवा लाविला, तर घोडा व स्वार दोघांचेही डोळे दिपतात.

राहिला प्रश्न दिवे बंद करण्याचा. जुने मेटल हॅलाइड दिवे एकदां विझले म्हणजे थंड झाल्यावांचून पुन्हां पेटत नाहींत. मध्येंच वीज गेली, तर दहा मिनिटें वा अधिक काळोख. एलईडी दिवे वीज येतांच लागतात, आणि मंदही करितां येतात. म्हणून स्वारी संपल्यावर एकदम कळ दाबूं नये. प्रथम उजेड अर्धा करावा, स्वारानें खालीं उतरून घोड्यास सावकाश चालवावें, आणि तबेल्याच्या वाटेवर एखादा लहान दिवा ठेवून मगच रिंगणांतला शेवटचा दिवा मालवावा.