व्यायामानंतरचे सुगंधी दूध : कोणाला उपयुक्त, किती उपयुक्त?

कोलकात्याच्या मैदानावर मोहन बागान (१८८९), मोहम्मेडन स्पोर्टिंग (१८९१) आणि ईस्ट बंगाल (१९२०) या तिन्ही जुन्या फुटबॉल क्लबांचे तंबू आहेत. मे-जूनमध्ये तेथे सराव करणाऱ्या खेळाडूच्या घामाचा हिशेब आपल्या पठारी भागापेक्षा वेगळा असतो. हवा बाष्पाने भरलेली असल्यामुळे घाम उडून न जाता नुसता ओघळतो. शरीर थंड होत नाही, म्हणून ते आणखी घाम गाळत राहते. अशा हवेत तासाला लिटरभर घाम जाणे असामान्य नाही. सरावानंतर खेळाडूने काय प्यावे, हा प्रश्न त्यामुळे तेथे विशेष महत्त्वाचा ठरतो. या प्रश्नाचे एक उत्तर दुग्धव्यवसायाकडून आग्रहाने दिले जाते, ते म्हणजे सुगंधी दूध, अर्थात बाजारातील 'फ्लेवर्ड मिल्क'.

ही कल्पना मुळात नवी नाही. कोल्हापूरच्या तालमीत कसरतीनंतर पैलवानाला मिळणारी थंडाई म्हणजे दूध, साखर, बदाम आणि मसाल्याचे जिन्नस. व्याख्येने पाहिले तर तेही सुगंधी दूधच. कोलकात्यालाही मल्लविद्येची अशीच परंपरा आहे. उत्तर कोलकात्यातील गोबर गुहा यांनी १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे अ‍ॅड सँटेल यांना हरवून जागतिक लाइट हेवीवेट किताब मिळवला होता. परंतु आखाड्यातील खुराक ज्याच्यासाठी ठरला, तो दिवसाकाठी शेकडो जोर-बैठका काढणारा पैलवान होता, हे आज दुधाची बाटली घेणारा सहसा ध्यानात घेत नाही.

दुधाच्या बाजूने बोलणारी तथ्ये भक्कम आहेत. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. शंभर ग्रॅम दुधात ४० ते ५० मिलिग्रॅम सोडियम आणि सुमारे १५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. सोडियमचे हे प्रमाण नेहमीच्या क्रीडापेयाच्या जवळपास आहे; पोटॅशियम मात्र दुधात बरेच अधिक. प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन सावकाश पचते, तर उरलेली निवळीतील प्रथिने लवकर रक्तात उतरतात. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये ११ व्यक्तींना घाम गाळायला लावून त्यांचे वजन सुमारे २ टक्क्यांनी घटवले आणि मग घटलेल्या वजनाच्या दीडपट द्रव पाजला. पाणी किंवा क्रीडापेय प्यायलेल्यांच्या शरीरातून तो लघवीवाटे लवकर निघून गेला. कमी स्निग्धांशाचे दूध प्यायल्यावर मात्र पाणी शरीरात अधिक काळ टिकले. दूध जठरातून हळूहळू पुढे सरकते, हे त्यामागचे एक कारण.

चॉकलेटयुक्त दुधाची कीर्ती पसरली ती २००६ मध्ये अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगामुळे. नऊ प्रशिक्षित सायकलपटूंना आधी थकवले, चार तास विश्रांती देऊन त्या काळात वेगवेगळी पेये दिली आणि मग पुन्हा थकेपर्यंत सायकल चालवायला लावली. कर्बोदकांच्या एका तयार पेयापेक्षा चॉकलेट दूध प्यायल्यावर ते अधिक वेळ टिकले. साध्या क्रीडापेयाच्या तुलनेत मात्र दूध वरचढ ठरले नाही. या प्रयोगाला दुग्धव्यवसायाशी संबंधित संस्थेचे अंशतः अर्थसाहाय्य होते. तेवढ्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण नऊ व्यक्तींवरील निष्कर्षाला किती वजन द्यायचे हे ठरवताना ती नोंद उपयोगी पडते.

कीटकनाशकांच्या चाचण्या पाहिलेल्या विस्तार कार्यकर्त्याला येथील खरी अडचण लगेच कळेल. एखाद्या औषधाची तुलना केवळ फवारणी न केलेल्या वाफ्याशी केली, तर जवळजवळ प्रत्येक औषध उत्तम दिसते. दुधाची पाण्याशी तुलना करून स्नायूंची किंवा शक्तीची भरपाई मोजणे हा तसाच प्रकार आहे. पाण्यात उष्मांकच नसतात. तुलना समान उष्मांकांवर व्हायला हवी. तशी ती कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने २००७ मध्ये केली. ५६ तरुणांना १२ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम देऊन दूध, सोयापेय आणि नुसती कर्बोदके यांची तुलना केली असता दुधाच्या गटात स्नायूंची वाढ अधिक आढळली. त्या प्रयोगातील दूध साय काढलेले होते.  फायदा दुधाचा होता, हे येथे स्पष्ट होते. कसलेल्या धावपटूला किंवा सायकलपटूला साखरेची जोड उपयोगी पडते, हे खरे. परंतु सुगंधाचे काम केवळ दूध घशाखाली उतरवण्याचे आहे. कंटाळलेल्या, मळमळणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत तेही काही कमी नव्हे.

आता मात्रेकडे वळू. एकाच दिवशी दोनदा सराव असेल, तर पहिल्या सरावानंतर सुरुवातीचे चार तास दर तासाला शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे क्रीडापोषणशास्त्र सांगते. ६० किलोच्या फुटबॉलपटूसाठी ती ६० ते ७२ ग्रॅम होतात. दुहेरी टोण्ड दुधाच्या, ८ टक्के साखर घातलेल्या २०० मिलिलिटर बाटलीत दुग्धशर्करा व साखर मिळून सुमारे २५ ग्रॅम आणि प्रथिने साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हणजे एका तासाची गरज भागवायला अडीच ते तीन बाटल्या लागतील. कागदावर हे शक्य दिसते. आतड्याला विचारले, तर उत्तर निराळे येते.

भारतात प्रौढ वयातही दुग्धशर्करा पचवण्याची आनुवंशिक क्षमता वायव्येकडून आग्नेयेकडे घटत जाते. पंजाब-हरियाणाच्या मानाने बंगाल या उतरंडीत बराच खाली आहे. पचनाची क्षमता कमी असलेल्यांपैकी बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत दुग्धशर्करा सोसते. एका बाटलीत ती नऊ-दहा ग्रॅम असते. म्हणजे पहिली बाटली निभावते. दुसरी-तिसरी लागोपाठ घेतली तर पोटफुगी, मुरडा आणि दुपारच्या सरावाला सुट्टी. बंगालने दूध पिण्यापेक्षा ते छाना, मिष्टी दोई आणि घोल या रूपांत खाणे-पिणे अधिक पसंत केले, त्यामागे पचनाचा हा अनुभवही असावा. छाना करताना बरीचशी दुग्धशर्करा निवळीबरोबर निघून जाते. विरजणातील जिवाणू तिचा काही भाग फस्त करतात आणि उरलेली पचवायला आतड्यात मदतही करतात. महाराष्ट्रातही दुधाने पोट बिघडणारे खेळाडू प्रत्येक शाळेत, प्रत्येक तालमीत आहेत. त्यांना 'सवय होईल' असे सांगून पुढे ढकलणे योग्य नाही.

त्यामुळे व्यवहार्य मार्ग म्हणजे एक बाटली आणि तिच्या जोडीला घन आहार. मध्यम आकाराच्या दोन केळ्यांतून सुमारे ५० ग्रॅम कर्बोदके मिळतात. बाटलीतील २५ धरून तासाची गरज पूर्ण होते, साखरही एकाच बाटलीपुरती राहते. घामातून गेलेले मीठ एकट्या दुधाने भरून निघत नाही. कोलकात्यात खारी मुरी, आपल्याकडे चुरमुरे-शेंगदाणे हे काम स्वस्तात करतात. पाणी अर्थातच वेगळे प्यायचे.

हे सारे कष्टाचा, तासाहून अधिक चालणारा व्यायाम करणाऱ्यासाठी. पिकावर किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याखेरीज फवारणी करू नये, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. गोड दुधालाही अशी एक पातळी आहे. अर्धा तास भरभर चालणारा ६० किलोचा माणूस साधारण सव्वाशे उष्मांक खर्च करतो. वरील बाटलीत ते दीडशेच्या पुढे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवण्यास सुचवले आहे. त्यातील १६ ग्रॅम या एका बाटलीत संपतात. सकाळच्या फेरफटक्यानंतर अशी बाटली घेणाऱ्या मधुमेही गृहस्थाने ती न घेतलेलीच बरी. त्याला पाणी पुरे, दूध हवेच असेल तर साधे.

दूधसंघांच्या दृष्टीने या विवेचनात संधीही आहे. १९७० मध्ये 'दूध महापूर' योजना सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, चेन्नईबरोबर कोलकाता हे तिच्या चार महानगरांपैकी एक होते. पूर्वेकडील ही बाजारपेठ लहान नाही. बाटलीतच निर्जंतुक केलेले सुगंधी दूध न उघडता शीतगृहाविना टिकते, ही तेथील उकाड्यात मोठी सोय. मात्र बाटलीतील साखर कमी करणे आणि दुग्धशर्करा आधीच विघटित करणे या दोन गोष्टी उत्पादकाच्या हाती आहेत. लॅक्टेज या विकराने दुग्धशर्करेचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज झाले की पोटाचा त्रास टळतो आणि दूध आपोआप अधिक गोड लागते; तेवढी साखर कमी घालता येते. दुग्धशर्कराविरहित दूध देशात बाजारात आलेले आहे, म्हणजे तंत्र हाताशी आहे. विकराचा खर्च आणि वाचलेल्या साखरेची किंमत यांचा मेळ लहान संघाला बसतो का, हे प्रत्येकाने आपल्या दैनिक संकलनावर मांडून पाहावे. आवेष्टनावर धावपटूचे चित्र छापण्यापूर्वी एका बाटलीतील प्रथिने आणि वरून घातलेली साखर ग्रॅममध्ये, वाचता येईल अशा अक्षरांत, मराठीतून आणि विक्री बंगालमध्ये असेल तर बांगलातूनही छापावी.