गणित कच्चे नसते, एखादे प्रकरण कच्चे असते

गेल्या काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत माझी पुतणी आमच्याकडे आली ती तोंड पाडूनच. दहावीपर्यंत पन्हाळा तालुक्यातल्या वाडीच्या शाळेत मराठी माध्यमातून शिकलेली पोर, चांगल्या मार्कांनी पास होऊन सायन्सला गेली. बारावीच्या चाचणीत गणितात तिला 25 पैकी 7 मार्क पडले होते. वर्गात तिला सांगण्यात आले, "तुझ्याच्याने हे झेपणार नाही, आर्ट्सला जायला हवे होतेस." वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता बास करूया का? क्लासची फी आणि कोल्हापूरला रोजचं एसटीचं भाडं आम्हाला परवडायचं नाही."

बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले. तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून मुलांनी गलका केला होता. ही हकीकत आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच शाळेतून 1907 साली ते मॅट्रिक झाले. तेव्हा "झेपणार नाही" हे शब्द आपण पहिल्यांदा ऐकतो आहोत असे नाही. पण नुसता राग येऊन मार्क वाढत नाहीत. नेमके कुठे अडले ते शोधावे लागते.

मी बी.कॉम. झालेला कारकून. कॅल्क्युलस मी कधी शिकलो नाही. पण हिशेबाच्या वह्यांत माझे आयुष्य गेले. तेरीज जुळली नाही तर आम्ही सगळी वही फाडून टाकत नाही. कोणत्या खात्यात फरक आहे ते एकेक खाते तपासून काढतो. मी पुतणीला म्हटले, "पेपर आण. तुझे 18 मार्क कुठे गेले ते बघू."

हिशेब केला तो असा निघाला. 9 मार्क एकाच चुकीने गेले होते. 4 मार्क साइन-कोसाइनच्या सूत्रांतल्या अधिक-उण्याने गेले. 3 मार्क प्रश्नाचे इंग्रजी न कळल्याने आणि 2 मार्क वेळ न पुरल्याने गेले. म्हणजे पोरीचे गणित कच्चे नव्हते, एक मुद्दा कच्चा होता. सूत्राच्या पोटात दुसरे सूत्र असले की ती बाहेरच्याचे विकलन करी आणि आतल्याचे विसरे. एक्सच्या वर्गाच्या साइनचे विकलन करताना कोसाइन लिहून थांबायचे नसते, त्याला 2 एक्सने गुणावे लागते. याला चेन रूल म्हणतात. तेवढ्या एका नियमावर तिने आठ दिवस रोज दहा उदाहरणे केली.

मग मीही तिच्याकडून थोडे शिकून घेतले. पन्हाळ्याचा घाट चढणाऱ्या एसटीत बसलेल्या माणसाला ठाऊक असते की चढ सगळीकडे सारखा नसतो. नेमक्या या ठिकाणी चढ किती, हे काढणे म्हणजे विकलन, मुलांच्या भाषेत डेरिव्हेटिव्ह. समजा, एखादी गाडी जितके सेकंद झाले त्याच्या वर्गाइतके मीटर जाते. 3 सेकंदांना 9 मीटर, 4 सेकंदांना 16. या एका सेकंदात सरासरी वेग 7. पण 3 ते 3.1 सेकंद पाहिले तर 6.1 येतो, आणि 3 ते 3.01 पाहिले तर 6.01. म्हणजे बरोबर तिसऱ्या सेकंदाचा वेग 6. एवढेच ते.

संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, हा उलटा हिशेब. गडावरच्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारे आहेत. धान्य कोणत्या वेगाने येत गेले हे माहीत असेल, तर एकूण किती साठले ते संकलनाने निघते. पण कोठारात आधीच किती धान्य होते? ते कळल्याशिवाय खरा साठा कळत नाही. उत्तराच्या शेवटी जो अधिक सी लिहितात तो हाच, आमच्या भाषेत मागील शिल्लक. मुले तो विसरतात आणि मार्क घालवतात.

आता पालकांनी व मुलांनी करायचे काय ते सांगतो. 2020 साली आलेल्या बारावी सायन्सच्या पुस्तकात दुसऱ्या भागातील आठ प्रकरणांपैकी सहा कॅल्क्युलसची आहेत: विकलन, त्याचे उपयोग, अनिश्चित संकलन, निश्चित संकलन, त्याचे उपयोग आणि विकलक समीकरणे. हे पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. प्रत्येक प्रकरणाला वहीत वेगळे खाते उघडा. आधी सूत्रे न बघता लिहून काढा. मग पुस्तकातील सोडवलेले उदाहरण झाकून स्वतः सोडवा आणि ताडून पाहा. त्यानंतर उदाहरणसंग्रह घ्या. चुकलेल्या उदाहरणापुढे तांबडी खूण करा आणि चूक कशाची ते एका ओळीत लिहा: सूत्राची, चिन्हाची, भाषेची की घाईची. तेच उदाहरण तीन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने कोऱ्या कागदावर करा.

शिकवणी नसलेल्या मुलांना एक मोठा आधार आहे. अनिश्चित संकलनाचा ताळा स्वतःच करता येतो. आलेल्या उत्तराचे विकलन करा. मूळ प्रश्न परत आला तर उत्तर बरोबर. निश्चित संकलनात चल बदलला तर वरच्या-खालच्या मर्यादाही बदलायच्या, हे मात्र ध्यानात ठेवा.

मराठी माध्यमातल्या मुलांनी शब्दांचेही एक खाते ठेवावे. टँजंट म्हणजे त्रिकोणमितीतले गुणोत्तर, आणि टँजंट म्हणजे वक्राची स्पर्शिकाही. नॉर्मल म्हणजे साधारण नव्हे, तर स्पर्शिकेला काटकोनात असलेला अभिलंब.

मात्र शेवटपर्यंत प्रकरणवार सराव करत बसू नये. प्रकरण समोर असले की रीत आपोआप सुचते. प्रश्नपत्रिकेवर मात्र प्रकरणाचे नाव लिहिलेले नसते. म्हणून शेवटचा महिनाभर सगळी प्रकरणे मिसळून, घड्याळ लावून तीन तासांच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. या पुस्तकांवरचा लेखी पेपर 80 मार्कांचा. त्यात 20 मार्कांचे लहान प्रश्न सगळे सोडवायचे असतात. पुढे 2 मार्कांचे 12 पैकी 8, 3 मार्कांचे 12 पैकी 8 आणि 4 मार्कांचे 8 पैकी 5. म्हणजे एखादे प्रकरण राहिले तरी धीर सोडण्याचे कारण नाही.

आईबापांना कॅल्क्युलस यायला हवे असे नाही. रात्री कामावरून आल्यावर वही मागा आणि तांबड्या खुणा मोजा. गेल्या आठवड्यापेक्षा कमी झाल्या का, एवढे विचारा. वहिनी चौथी शिकलेल्या, पण त्या दर रविवारी खुणा मोजत. पुतणीला बोर्डाच्या लेखी पेपरात 80 पैकी 58 मार्क पडले आणि पुढे तिने इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. ती वही वहिनींनी अजून रद्दीत घातलेली नाही. धाकट्याला ती लागणार आहे.