पाठीला डोळे असलेले सर

हेडफोन लावलेत? मग एक आठवून बघा. शाळेत कोणते सर-मॅडम आले की वर्ग आपोआप शांत व्हायचा? मारकुटे सर सोडा, त्यांची पाठ वळली की दंगा सुरूच. मी म्हणतोय ते वेगळे. कधी ओरडायचे नाहीत, तरी त्यांच्या तासाला खडू फेकायची हिंमत व्हायची नाही.

हे 'वेगळे' शिक्षक नेमकं काय करतात, ते जेकब कौनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शोधलं. कॉलेजात शिकवताना त्यांनी पेपर वाचत बसलेल्या एकाला टोकलं, तर ज्यांना काहीच बोलले नव्हते तेही सावरून बसले. म्हणजे टोकायची बरोबर पद्धत सापडली की झालं! म्हणून त्यांनी वर्गांचं व्हिडिओ शूटिंग करून अभ्यास केला. १९७० साली पुस्तक आलं आणि निघालं उलटंच. गोंधळ झाल्यावर शिक्षक कडक बोलतो की गोड, याने चांगल्या आणि वाईट वर्गात फरक पडत नव्हता. फरक होता तो गोंधळाच्या आधी.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं. सर्व्हर पडल्यावर रात्रभर जागणाऱ्याला शाबासकी मिळते, पण खरी टीम ती, जी डिस्क भरत आली तेव्हाच बघते.

माझी मावसबहीण बीएड करतेय, सध्या शाळेत इंटर्नशिप. मध्यंतरी म्हणाली, "दादा, पाठ टाचण झकास असतं रे, पण आठवीचा वर्ग मला बोलूच देत नाही. ओरडले की दोन मिनिटं शांतता, मग परत बाजार. सोडून द्यावं वाटतं." हातात छडी नाही, आणि नसावीच, शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. तिला मी कौनिन सांगितले.

पहिली गोष्ट, पाठीला डोळे. फळ्यावर लिहितानाही वर्गात काय चाललंय ते शिक्षकाला माहीत आहे, हे मुलांना जाणवलं पाहिजे. इथे दोन चुका होतात: उशिरा पकडणं आणि भलत्यालाच पकडणं. चिमटा काढतो तिसऱ्या बाकावरचा, ओरडतो चौथ्यावरचा, उभा राहतो चौथाच! त्या मुलाच्या दृष्टीने न्याय तिथेच संपला.

दुसरं, नाव आधी घेऊन प्रश्न विचारू नका. "राहुल, सांग..." म्हटलं की बाकीचे सुटले. आधी प्रश्न, मग थांबा, मग नाव.

हे थांबणं महत्त्वाचं. मेरी बड रो या संशोधक बाईंना दिसलं, की प्रश्नानंतर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात.

आता तुम्ही म्हणाल, यात सोशल इमोशनल लर्निंग कुठे आलं? स्वतःच्या भावना ओळखणं, त्या सांभाळणं, दुसऱ्याला समजून घेणं, नाती जोडणं, विचारपूर्वक निर्णय घेणं, असे त्याचे पाच भाग सांगतात. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ साली त्यासाठी हॅपिनेस करिक्युलम आला. चांगलंच आहे. पण मला विचाराल तर, आनंदाच्या तासाला डोळे मिटून श्वास मोजायचा आणि पुढच्या गणिताच्या तासाला "तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत का" ऐकायचं, यातून मूल दुसरंच शिकतं. पाचातले पहिले दोन भाग आधी शिक्षकाला लागतात. डोकं तापलंय हे ओळखलं, तरच चौथ्या बाकावरच्याला उभं करण्याआधी तिसऱ्याकडे नजर जाईल. आणि ते तीन सेकंद? साठ मुलांसमोर शांतता सहन करणं हीसुद्धा स्वतःची भावना सांभाळणंच की!

ऐकणाऱ्यांत बीएड, डीएलएडवाले असाल तर वर्गशिक्षकांना विचारून पुढचा सरावपाठ मोबाईलवर रेकॉर्ड करा, नुसता आवाज. घरी प्रत्येक प्रश्नानंतरचे सेकंद मोजा. किती आले, व्हॉइस नोट टाका.