वसईचा किल्ला आणि गीताचे बाह्यचित्रीकरण

'कोल्डप्ले' या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या 'हिम फॉर द वीकेंड' या गीताची चित्रफीत ऑक्टोबर २०१५ मध्ये भारतात चित्रित झाली व जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दिग्दर्शक होते बेन मोर. मुंबईतील वरळी गाव हे तिचे एक चित्रीकरणस्थळ. आरंभीची दृश्ये मात्र आपल्या वसई किल्ल्यातील आहेत. ही चित्रफीत शंभर कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली आहे.

अशा चित्रफितीत वाद्यवृंद गाता-वाजवताना दिसतो. पण ऐकू येणारा आवाज सहसा त्या जागेवरचा नसतो. गीत आधीच स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले असते. चित्रीकरणाच्या वेळी ते ध्वनिक्षेपकावर लावतात आणि कलाकार त्याबरोबर ओठ व हात हलवतात. तेच गीत पुनःपुन्हा वाजवून एकदा दुरून, एकदा जवळून, एकदा केवळ वादकाच्या बोटांवर कॅमेरा रोखतात. संथ गतीचे दृश्य हवे असल्यास कॅमेरा दुप्पट वेगाने चालवतात आणि गीतही दुप्पट वेगाने वाजवतात. पडद्यावर हालचाली संथ होतात, तरी ओठ शब्दांशी जुळतात. सूर्य सरकला की सावल्या बदलतात. म्हणूनच चार मिनिटांच्या गीतासाठी पूर्ण दिवसही अपुरा पडतो.

याचा अर्थ असा, की अशा गीतात स्थळाचा वाटा असतो तो केवळ त्याच्या रूपाचा. सूर दुसरीकडून येतो, वेशभूषा दुसरीकडून येते. स्थळ देते ते आपल्या भिंती आणि आपला प्रकाश. परंतु वसईच्या त्या भिंती म्हणजे केवळ सुंदर पडझड नव्हे. १७३९ साली किल्ला मराठ्यांच्या हाती येण्यापूर्वी तेथे नांदते शहर होते. आज तेथे चर्च आणि मठांचे अवशेष उभे आहेत. १५९७ मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झालेले व १८६२ मध्ये संतपदाला पोहोचलेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे सुपुत्र. काही क्षणांच्या दृश्यात यातील काहीच सांगितले जात नाही, आणि पाहणाऱ्याला ते कळतही नाही.

आपल्या धर्मग्रामांतील युवक-युवतीही आता भक्तिगीतांच्या चित्रफिती तयार करतात. हा किल्ला संरक्षित स्मारक असल्याने तेथील चित्रीकरणासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची पूर्वपरवानगी आवश्यक असते. पडक्या भिंतींवर चढू नये, दिवे व तारा त्यांना बांधू नयेत, रंग वा मेणाचे डाग मागे ठेवू नयेत. आणखी एक गोष्ट कोणत्याही नियमात नसली तरी अवश्य करावी: चित्रफितीच्या अखेरीस गायक-वादकांच्या नावांबरोबर स्थळाचेही नाव द्यावे. ज्या भिंतींनी आपल्या गीताला रूप दिले, त्यांची ओळख जगाला करून देणे हे आपल्याच हाती आहे.